तिसऱ्याच्या देखत : व्हिडिओकलेच्या एका अंगाविषयी प्रस्तावना

दोन माणसे बोलत असता तिसरे कोणी तेथे येऊन उभे राहिले, तर त्यांचे बोलणे थांबतेच असे नाही. परंतु ते पूर्वीचे बोलणे राहत नाही, ही गोष्ट ओसरीवर, माजघरात किंवा चाळीच्या सज्जात लहानाची मोठी झालेल्या मराठी वाचकास फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही. ज्या घरात सुनेने नवऱ्याला उद्देशून काढलेला शब्द वस्तुतः सासूच्या कानी पडावा म्हणून काढलेला असतो, आणि सासूने मांजराला घातलेल्या शिव्या सुनेच्या खात्यावर जमा होतात, त्या घरातील व्यवहार कोणाच्या देखत चालला आहे हे कळल्याखेरीज त्याचा अर्थच लागत नाही. आपल्या नाटकाने याच मामल्यावर कैक अंक रंगविले, आणि कथा-कादंबरीनेही त्याचा तपशील मोठ्या बारकाईने टिपला. व्हिडिओकला या नावाने जी दृश्यकला १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत व युरोपात उदयास आली, तिचे सर्वांत सुपीक क्षेत्रही माझ्या मते हेच आहे. तिसऱ्याची जागा येथे यंत्राने घेतली, आणि त्या यंत्राच्या अंगी असा एक गुण होता, की जे त्याने पाहिले ते पाहिल्या गेलेल्या माणसास तत्क्षणी परत दाखविण्याची त्याची तयारी असे.

हा गुण चित्रपटाच्या कॅमेऱ्यात नव्हता, आणि दोन्ही कलांची वाट जेथे फुटते ती जागा हीच होय. चित्रपटाची फिल्म रसायनशाळेत जाई, धुतली जाई, कापली व जोडली जाई. ज्याचे चित्र घेतले तो माणूस ते पाहण्यास बहुधा हजर नसे, आणि असला तरी त्या प्रसंगातून तो केव्हाच बाहेर पडलेला असे. दूरचित्रवाणीचा कॅमेरा चित्र ताबडतोब दाखवू शके हे खरे. पण तो अवजड, महाग व स्टुडिओच्या चार भिंतींत कैद केलेला असल्यामुळे त्याची मुखत्यारी सरकारच्या किंवा कंपन्यांच्या हाती होती. १९६७ च्या सुमारास सोनी कंपनीने ‘पोर्टापॅक’ नावाचा खांद्यावर अडकवून नेता येईल असा संच बाजारात आणला, आणि अर्धा इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर चित्र व ध्वनी एकदम उमटू लागले. चित्र करडे, कडा धूसर, आणि त्या फितीची काटछाट करणे इतके जिकिरीचे, की पुष्कळांनी तो नाद सोडून दिला व जे घडले ते सलग ठेवले. त्या काळच्या टेपांतील कंटाळवाणा सलगपणा हा पुष्कळ अंशी सिद्धान्ताचा नसून साधनाच्या अडचणीचा परिणाम आहे; मागाहून त्यास तत्त्वज्ञानाची शाल पांघरण्यात आली, इतकेच. तथापि या सक्तीच्या सलगपणामुळेच एक अनपेक्षित लाभ झाला. माणसे बोलून संपल्यावर जे अवघडलेपण उरते, ज्याला नाटककार व पटकथाकार निर्दयपणे कात्री लावतात, ते या फितींवर जसेच्या तसे राहिले.

आरंभीच्या कलावंतांनी हे यंत्र प्रथम स्वतःवरच रोखले. व्हितो अकाँची याने १९७३ साली केलेल्या ‘थीम साँग’ या टेपमध्ये तो जमिनीवर आडवा पडून, कॅमेऱ्याच्या अगदी निकट तोंड आणून, सिगारेट ओढीत व टेपरेकॉर्डरवर गाणी लावीत, समोरच्या अदृश्य व्यक्तीस सुमारे अर्धा तास आर्जवे करतो, लाडीगोडी लावतो, जवळ येण्याची विनवणी करतो. समोर कोणी नाही हे त्यास ठाऊक आहे, आपणासही ठाऊक आहे. तरीही पाहणाऱ्यास त्याची जी शिसारी येते ती ओळखीची असते, कारण अशी एकतर्फी सलगी करणारा मनुष्य प्रत्येकास कधी ना कधी भेटलेला असतो. अमेरिकन समीक्षक रोझलिंड क्राउस यांनी १९७६ साली ‘ऑक्टोबर’ या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात असा अभिप्राय नोंदविला, की व्हिडिओ हे मूलतः आत्मरतीचे माध्यम आहे. कलावंत पडद्यात आरशासारखा पाहत राहतो आणि बाहेरचे जग गळून पडते. तो लेख तीक्ष्ण बुद्धीचा आहे यात शंका नाही, आणि त्या काळच्या अनेक टेपांस तो तंतोतंत लागूही पडतो. परंतु पुढील पन्नास वर्षांचा दाखला पाहता तो निकाल मला घाईचा वाटतो. आरशात फक्त पाहणारा दिसतो. येथे पाहणाऱ्यास आपण इतरांना कसे दिसतो हे दिसू लागले, आणि त्यातून स्वतःविषयीच्या प्रेमापेक्षा संकोच अधिक उपजला.

त्या संकोचाची रचनाच ब्रूस नाउमन व डॅन ग्रॅहम या दोघांनी विटामातीच्या बांधकामासारखी करून दाखविली. नाउमनच्या १९७० मधील अरुंद बोळात शेवटास दोन टी.व्ही. संच एकावर एक ठेवलेले असतात. एकावर रिकाम्या बोळाचे आधी घेतलेले चित्र, दुसऱ्यावर प्रवेशद्वाराशी उंचावर बसविलेल्या कॅमेऱ्याने टिपलेली तुमची पाठ. संचाकडे पाऊल टाकावे तो तो पडद्यावरची तुमची आकृती लहान होत दूर जाते, आणि स्वतःला गाठण्याचा खटाटोप करणारा मनुष्य हास्यास्पद होतो. ग्रॅहमने १९७४ साली बांधलेल्या खोलीत दोन भिंती आरशांच्या आहेत आणि एका भिंतीत कॅमेरा व पडदा. मात्र पडद्यावरचे चित्र आठ सेकंदांनी मागे असते. आरशात तुमचा वर्तमान, पडद्यावर तुमचा नुकताच सरलेला भूतकाळ, आणि त्या पडद्याचेही प्रतिबिंब कॅमेरा टिपीत असल्यामुळे पडद्यात पडदा, सोळा सेकंदांपूर्वीचा, चोवीस सेकंदांपूर्वीचा. खोलीत तुम्ही एकटे असलात तर हा यंत्राचा खेळ वाटतो. परंतु तुमच्याबरोबर एखादे अपरिचित कुटुंब शिरले, की आठ सेकंदांपूर्वी त्या कुटुंबातील मुलाकडे पाहून आपण कपाळाला आठ्या घातल्या होत्या हे तुम्हांस दिसते, आणि मुख्य म्हणजे मुलाच्या आईलाही दिसते. अनोळखी माणसांनी एका खोलीत कसे वागावे याचे जे अलिखित दप्तर प्रत्येकाच्या मनात असते, ते येथे सर्वांसमक्ष उघडे पडते.

घराच्या उंबरठ्याआत हे यंत्र नेण्याचे श्रेय मात्र मुख्यत्वे स्त्रियांकडे जाते, आणि त्याचे कारण सांगण्यासारखे आहे. चित्रकलेत व शिल्पकलेत शतकानुशतकांची परंपरा, गुरू, गादी व मानपान होते, आणि त्या सर्वांवर पुरुषांचा ताबा होता. व्हिडिओला पूर्वज नव्हते, म्हणून कोणाची हद्द ओलांडल्याचा आरोप होण्याचेही भय नव्हते. मार्था रॉस्लर हिची ‘सेमिऑटिक्स ऑफ द किचन’ ही १९७५ ची टेप अवघी सहा मिनिटांची आहे. एक स्त्री स्वयंपाकघरात उभी राहून, दूरचित्रवाणीवरील पाककृतींच्या कार्यक्रमातील सुगृहिणीप्रमाणे, इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने एकेक उपकरण उचलते, त्याचे नाव उच्चारते व उपयोग करून दाखविते. परंतु हसू नाही, गोडवा नाही. काटा ती हवेत खुपसते, सुरी भोसकल्यासारखी चालविते, डावाने काल्पनिक रस्सा उचलून बाजूस भिरकावून देते. शेवटची काही अक्षरे तर हातात सुरी-काटा धरून स्वतःच्या शरीरानेच काढते, आणि अखेर खांदे उडविते. टेपेत दुसरे पात्र नाही. तरीही ज्याच्यासाठी ती रांधते तो नवरा, ती मुले, तिच्याकडून हसतमुखाची अपेक्षा करणारा तो प्रेक्षकवर्ग, हे सर्व त्या खोलीत हजर असल्याचे जाणवते, आणि तो विनोद व ती धार एकाच हातातून निघत असल्यामुळे पाहणाऱ्यास हसावे की सावध व्हावे हे कळत नाही. आमच्याकडे भांडी आपटण्याच्या आवाजावरून घरातील वातावरणाचा अंदाज घेणाऱ्या पिढ्या होऊन गेल्या असल्याने, ही टेप समजण्यास अमेरिकेतील वास्तव्याची गरज पडू नये.

ब्रिटिश कलावंत गिलियन वेअरिंग हिने याच धाग्याला वेगळी गाठ मारली. तिच्या ‘टू इंटू वन’ या १९९७ मधील छोट्या कृतीत एक आई आणि तिचे दोन जुळे मुलगे आहेत. आईने मुलांविषयी व मुलांनी आईविषयी मोकळेपणाने काही सांगितले, ते ध्वनिमुद्रित करण्यात आले, आणि नंतर मुलांच्या शब्दांवर आईने ओठ हलविले, आईच्या शब्दांवर मुलांनी. परिणामी आईच्या चेहऱ्यातून पोरकट आवाजात तिच्याच उणिवा बाहेर पडतात, आणि कोवळ्या पोरांच्या मुखातून प्रौढ स्त्रीचा थकवा बोलू लागतो. चार-पाच मिनिटांच्या अवधीत प्रेम, अवहेलना आणि परस्परांवरील हुकमत यांचा जो गुंता दिसतो, तो उलगडण्यास कादंबरीकारास दोनशे पृष्ठे लागली असती. आणि तरीही, आपल्याविषयीचे मुलांचे मत आपल्याच तोंडाने उच्चारताना त्या आईच्या डोळ्यांत जो भाव तरळतो तो त्यास शब्दांत धरता आला असता की नाही, याची मला शंका आहे. वेअरिंगचीच, आदल्या वर्षीची, ‘सिक्स्टी मिनिट्स सायलेन्स’ ही कृती प्रथमदर्शनी पोलिसांच्या एका गटाचे मोठे छायाचित्र वाटते. गणवेशातील सव्वीस जण एक तासभर निश्चल राहण्याचा प्रयत्न करतात. हळूहळू कोणी नाक खाजवितो, कोणी पाय बदलतो, अंमलदारीचा मुखवटा जागोजागी उसवतो, आणि तास संपताच एकजण सुटकेची आरोळी ठोकतो. १९९७ चे टर्नर पारितोषिक तिला मिळाले.

ज्या कृतींत भेटीगाठींचे भव्य सोहळे केलेले असतात त्यांच्याविषयी माझा उत्साह बेताचा आहे. बिल व्हायोला याची ‘द ग्रीटिंग’ (१९९५) इटालियन चित्रकार पोंतोर्मो याच्या सोळाव्या शतकातील चित्रावरून सुचलेली. रस्त्यात बोलणाऱ्या दोन स्त्रियांजवळ तिसरी येते, एकीच्या कानाशी काही कुजबुजते, आणि पाऊण मिनिटाचा हा प्रसंग दहा मिनिटांइतका लांबविलेला आहे. तिसरी आल्याबरोबर दुसरीच्या मुद्रेवर, आपण वगळले गेलो ही जाणीव ज्या मंदगतीने पसरते ती पाहण्यासारखी आहे. पण वस्त्रांचे फुगारे आणि रंगांचे ऐश्वर्य इतके, की डोळा तेथेच रमतो. त्यापेक्षा किमसूजा या कोरियन कलावतीचा साधेपणा मला अधिक भावतो. तोक्यो, शांघाय, दिल्ली, कैरो, लागोस इत्यादी शहरांच्या गर्दीत ती कॅमेऱ्याकडे पाठ करून नुसती उभी राहते. कोठे लोक तिच्याकडे दुर्लक्ष करून दोन बाजूंनी वाहत जातात, कोठे थबकून, वळून, तिला निरखून पुढे सरकतात. गर्दीतल्या परक्या बाईशी कसे वागायचे याची प्रत्येक शहराची रीत तिच्या निश्चल पाठीमुळे उघड होते.

हिंदुस्थानात ही कला उशिरा आली असे सर्रास लिहिले जाते, आणि ते साधनांच्या दृष्टीने खरेही आहे. मुंबईचे दूरदर्शन केंद्रच मुळी २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेथे कलावंताच्या खांद्यावर कॅमेरा कोठून येणार? परंतु पूर्वतयारी त्याआधीची आहे. चित्रकार अकबर पदमसी यांनी नेहरू शिष्यवृत्तीच्या आधारे १९६९ साली मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ काढले. तेथे चित्रकारांना फिल्मचा कॅमेरा हाताळण्यास मिळाला, आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या नलिनी मालानी यांनी आपले पहिले चित्रपटीय प्रयोग केले. कराचीत १९४६ साली जन्मून फाळणीनंतर इकडे आलेल्या या कलावतीने पुढे १९९८ मध्ये, पोखरणच्या अणुचाचण्यांच्या पार्श्वभूमीवर, उर्दू कथाकार मंटो यांच्या ‘टोबा टेकसिंग’ या फाळणीवरील कथेचे स्मरण करणारी जी व्हिडिओरचना केली, ती मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयातही मांडली गेली. पत्र्याच्या ट्रंकांत ठेवलेल्या टी.व्ही. संचांवर निर्वासितांची दृश्ये चाललेली, भिंतीवर अणुस्फोटाची चित्रे, आणि समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन स्त्रिया एकच साडी घडी घालण्याच्या प्रयत्नात.

या साडीपाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. ज्यांनी घरात दोघी बायकांना नऊवारी लुगड्याची घडी घालताना पाहिले असेल त्यांना हे ठाऊक आहे, की ते काम एकटीचे नव्हे. दोघींनी दोन टोके धरायची, ताण द्यायचा, काठाला काठ जुळवायचा, आणि मग प्रत्येक घडीगणिक एकमेकींकडे चालत यायचे, इतके की अखेरच्या घडीस बोटांना बोटे लागतात. सकाळी अबोला धरलेल्या जावांनाही हे काम टाळता येत नसे, आणि पुष्कळदा अबोला तेथेच सुटे. मालानींच्या रचनेत मात्र दोघींच्या मध्ये सबंध दालन आहे, आणि त्या दालनात उभा आहे तो प्रेक्षक. कापड जुळत नाही, पावले जवळ येत नाहीत, आणि ज्या जागेतून त्यांनी चालत यायचे ती जागा आपण अडवून उभे आहोत हे आपल्या ध्यानात येते. फाळणीवर आपल्या देशात ग्रंथांची रास पडली आहे. परंतु दोन राष्ट्रांमधील तेढ म्हणजे एका घरगुती कामातील जोडीदारीण हरवणे, हे या प्रसंगाइतक्या थोडक्यात व इतक्या अचूकपणे दुसरीकडे मांडलेले माझ्या पाहण्यात नाही.

यानंतरच्या पिढीने एक पाऊल पुढे टाकले, ते म्हणजे कॅमेऱ्याची मालकीच वाटून टाकण्याचे. शायना आनंद यांनी २००६ साली दिल्लीच्या खिडकी एक्स्टेन्शन या दाटीवाटीच्या, ठिकठिकाणांहून आलेल्या लोकांच्या वस्तीत ‘खिड़कियाँ’ हा प्रयोग केला, त्याची योजना ऐकण्यास अगदी साधी आहे. दुकानांवर व इमारतींवर पाळत ठेवण्यासाठी जे स्वस्त सी.सी.टी.व्ही. साहित्य बाजारात मिळते तेच घ्यायचे, वस्तीतील निरनिराळ्या ठिकाणी एकेक टी.व्ही. संच, कॅमेरा व ध्वनिग्राहक ठेवायचा, सर्व तारांनी जोडायचे, आणि पडद्याचे चार भाग करून प्रत्येकास प्रत्येक जण दिसेल व ऐकू येईल असे करायचे. पाळतीच्या यंत्रात एक पाहणारा असतो व बाकीचे पाहिले जाणारे. येथे पाहिला जाणारा प्रत्येक जण पाहणाराही झाला. मग जे घडले त्यास लेखक, दिग्दर्शक कोणी नव्हता. एका गल्लीत राहून एकमेकांच्या घरी कधी न गेलेली माणसे घरबसल्या बोलू लागली. प्रथम लाजणे, हात हलविणे, पदर सावरणे, मग चौकशा, चेष्टा, गाणी, तक्रारी. शेजाऱ्याशी बोलण्यास शेजाऱ्याच्या दारी जाणे पुरे होते, त्यास एवढा तारांचा सरंजाम कशाला, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो गैर नाही. पण दारी जाण्यास जात, भाषा, भाडेकरूपण, बाईपण अशा कित्येक चौक्या ओलांडाव्या लागतात, आणि पडद्याने त्या चौक्या थोडा वेळ तरी बिनदिक्कत ओलांडू दिल्या. त्या माणसांच्या चेहऱ्यांवर जे कुतूहल दिसते, ते फुकटच्या तमाशाचे नसून इतक्या जवळ राहणारे हे कोण, या विस्मयाचे आहे.

शायना आनंद व अशोक सुकुमारन यांनी पुढे मुंबईत ‘कॅम्प’ हा कलावंतांचा गट उभारला. या गटाने जेरुसलेममध्ये केलेल्या कामात पॅलेस्टिनी कुटुंबे छपरावर बसविलेल्या, फिरत्या कॅमेऱ्याने आपल्या हातून गेलेली घरे व आपले शेजारी दुरून न्याहाळतात, आणि पाहता पाहता बोलत राहतात. पाळतीचे चित्र आणि मालकाची जबानी एकाच वेळी पाहण्या-ऐकण्याचा असा योग दुर्मीळ. ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’ या २०१३ च्या कृतीत तर कलावंतांनी स्वतः कॅमेरा फारसा धरलेलाच नाही. कच्छ-काठियावाडच्या किनाऱ्यावरचे व इराण, बलुचिस्तानकडचे खलाशी लाकडी गलबतांतून इराणच्या आखातापासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत माल वाहतात. त्यांनी आपल्या मोबाइल फोनवर एकमेकांची चित्रे घेतली, त्यांवर आपल्या आवडीची गाणी चढविली, आणि बंदराबंदरांत एकमेकांच्या फोनवर धाडली. कोणी डेकवर झोपला आहे, कोणी कणीक मळतो आहे, दुसरे गलबत जाताना पाहून कोणी आरोळी देतो. ती चित्रे खलाशांनी खलाशांसाठी घेतलेली असल्यामुळे, आपण प्रेक्षक येथे नकळत आत शिरलेले तिसरे ठरतो, आणि मला वाटते, या कलेत प्रेक्षकास देता येण्याजोगी सर्वांत प्रामाणिक जागा तीच आहे.

या सर्व प्रकारांस एक तक्रार मात्र सारखी लागू पडते, आणि ती बाजूस सारणे मला प्रशस्त वाटत नाही. माणसांचे रुसवे, कबुल्या, अवघडलेपण यांची चित्रे दालनात मांडली जातात, संग्रहालये ती विकत घेतात, कलावंतास पारितोषिक मिळते; चेहरा मात्र दुसऱ्याचा असतो आणि त्याचे नाव अनेकदा पाटीवरही नसते. संमतीचा कागद सही करून घेतला म्हणजे कायद्याचे समाधान होईल. परंतु अकराव्या-बाराव्या वर्षी आईविषयी जे बोललो ते आपण तिशीत असता परक्या देशाच्या भिंतीवर चाललेले आहे, ही गोष्ट वेअरिंगच्या त्या जुळ्या मुलांस कशी वाटत असेल, याचे उत्तर कागदात नसते. वेअरिंगची कृती मला मोठी वाटते आणि हा प्रश्नही मला खरा वाटतो. दोहोंपैकी एक सोडून देण्यास मी तयार नाही. ज्या कलावंतांनी चित्र घेताना चित्र दिसण्याची सोयही त्याच माणसाच्या हाती ठेवली, त्यांनी या प्रश्नास निदान तोंड तरी दिले, आणि म्हणूनच या प्रस्तावनेत त्यांना मी अधिक जागा दिली आहे.

आता पाहण्याच्या रीतीविषयी थोडेसे. दालनात टेप पुनःपुन्हा चालू असते, प्रेक्षक मध्येच शिरतो, अर्धे मिनिट थांबतो व पुढे सरकतो. या सवयीमुळे व्हिडिओकलेवर दुर्बोधतेचा जो ठपका येतो, त्यापैकी निम्मा पाहणाऱ्याच्या घाईचा असतो. रॉस्लरला सहा मिनिटे द्यावीत, आणि ती पहिल्या अक्षरापासून द्यावीत. खलाशांची कृती ८३ मिनिटांची आहे. ती बसून पाहावी. ज्यांना दालनात जाणे शक्य नाही, त्यांच्यासाठी कॅम्प व इतर संस्थांनी मिळून २००८ साली सुरू केलेला ‘पॅड.मा’ हा संग्रह खुला आहे. तेथे तयार चित्रपटांपेक्षा न कापलेले मूळ चित्रीकरण अधिक, आणि त्याच्या कडेला क्षणाक्षणाच्या टिपा. एखाद्या चित्रीकरणात मुलाखत संपल्यानंतरही कॅमेरा चालू राहिलेला आढळतो, आणि मघापर्यंत जबानी दिल्याप्रमाणे बोलणारा मनुष्य चहा मागवतो, शेजाऱ्याला हाक मारतो, कॅमेरा धरणाऱ्यास त्याच्या गावाचे नाव विचारतो. नवख्या वाचकाने आरंभ करावयाचा तर तेथून करावा.